मदत हवी आहे : किडनीच्या पथ्यात आईच्या हिरड्या आणि दात कसे सांभाळू?

आई ६४ वर्षांची, वेंगुर्ल्याला असते. किडनीचा आजार आहे, डायलिसिस नाही, मधुमेह नाही. पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाणी, तिन्हींवर बंधन. म्हणजे शहाळं, केळी, मोसंबी बंद, दूध-दही मोजून, सुकी मासळी बंद, आणि भाज्या बारीक चिरून उकळायच्या नि पाणी ओतून टाकायचं. त्या पाण्यातून पोटॅशियम जातं, पण हिरड्यांना लागणारं क जीवनसत्त्वही जातं.

आता ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. तोंड सारखं कोरडं पडतं म्हणून ती दिवसभर खडीसाखर चघळते. लाळ कमी आणि वर साखर, दात किडायला आणखी काय हवं!

सावंतवाडीला दातांच्या डॉक्टरांकडून दातांवरचं कीट (साठलेला कडक थर) काढून घेतलंय. फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश सुरू आहे. मिश्री सुटली आहे (त्यावर सल्ले नकोत, ती लढाई झाली). मिठाच्या गुळण्या करताना थोडं पाणी पोटात जातंच आणि मीठही मोजून, म्हणून त्या नाहीत. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने देणार नाही. किडनी कमजोर असताना जास्त मात्रेने शरीरात ऑक्झलेट (खडे करणारा क्षार) साठतं.

किडनीच्या डॉक्टरांसाठी गोव्याला जावं लागतं, पुढची तारीख लांब आहे. आहारतज्ज्ञांशी फोनवर बोलण्याआधी अनुभव हवेत. असं पथ्य घरी सांभाळलेल्यांनी सांगा : कोरड्या तोंडाला खडीसाखरेऐवजी काय दिलंत? आणि क जीवनसत्त्वासाठी अननस, कोबी, ढोबळी मिरची यांतलं काय, किती, कच्चं की शिजवून चालेल असं तुम्हाला सांगितलं होतं?