साडेपाचची भूक

पाच पोळ्यांचा डबा संपवूनही मुलगा घरी आल्या आल्या बिस्किटांचा पुडा फस्त करतो, ही तुमची काळजी वाचली. अहो, खाऊ दे! आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२०च्या आहाराच्या तक्त्यात १६ ते १८ वयाच्या मुलग्यांना दिवसाला ३३२० कॅलरी धरल्यात, बैठं काम करणाऱ्या बाप्याला फक्त २११०.

फक्त बिस्किटं हाताला लागू देऊ नका. आमचे दोघे खेळून येतात तेव्हा मोडाची मटकी उकडलेली असते, वर कांदा-लिंबू. शिवाय थालीपीठ. भाजणी सकाळीच भिजवते, पण कांदा आयत्या वेळी घालते, नाहीतर पाणी सुटून गोळा पसरतो. लोण्याचा हिशेब मी सोडून दिलाय. आणि हो, दोन तासांनी जेवायलाही हजर असतात!