तरुण संघ: लीडर बदलतोय, वेळ बदलतेय, गटही एकत्र होताहेत

प्रेषक: तरुण संघाची नवी लीडर

सर्वांना सलाम.

पास्टरांनी तरुण संघाची जबाबदारी माझ्याकडे द्यायचं ठरवलंय. आधीचे दादा नोकरीमुळे दुसरीकडे चाललेत. त्यातच कमिटीने शाळकरी आणि कॉलेजचा असे दोन्ही गट एकत्र केले, आणि शुक्रवार संध्याकाळची सभा रविवारी उपासनेनंतर घ्यायचं ठरवलं. हे सगळं एकाच सूचनेत वाचून दाखवलं. मुलं काही बोलली नाहीत. गिटार वाजवणाऱ्या मुलाने गिटार केसमध्ये घातली, चेन लावली आणि मागच्या बाकावर जाऊन मोबाइल काढला. काही विचारलं की "ठीक आहे" एवढंच उत्तर.

ज्यांनी तरुणांमध्ये काम केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू? दादांसारखी हसत-खेळत सभा रंगवणं मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

---

प्रेषक: तरुण संघाचे जुने काका

ताई, सलाम.

मुलं बदलाला विरोध करताहेत असं कमिटीत कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. घरी बोलता येत नाही ते ज्याच्याशी बोलता येत होतं, तो माणूस चाललाय. दुखणं ते आहे, तक्रार मात्र वेळेची होणार. बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, यरुशलेमच्या मंदिराचा नवा पाया घातला तेव्हा पहिलं मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले, बाकीचे आनंदाने ओरडले, आणि रडणं कुठलं नि जल्लोष कुठला हे लोकांना ओळखू येईना. रडणाऱ्यांना तिथे कुणी गप्प केलं नाही. दादांचा निरोपही नीट होऊ द्या. "नव्या पर्वाची सुरुवात" असले बॅनर त्या दिवशी तरी नकोत.

निरोप आणि तुमची नेमणूक एकाच सभेत होऊ दे, आणि तुमच्यासाठी प्रार्थना दादांनीच करावी. गणनाच्या पुस्तकात (अध्याय 27) मोशेने आपल्यानंतरचा पुढारी यहोशवा याच्यावर हात ठेवले ते एलाजार याजक आणि सगळ्या मंडळीसमोर. शिवाय मोशे हयात असतानाच त्याच्या अधिकाराचा काही भाग यहोशवाकडे आला. तेव्हा दादा आहेत तोवर एखादी सभा तुम्ही घ्या, ते मागे बसतील. विनोदाचं म्हणाल तर मुलांना दुसरे दादा नकोच आहेत. त्यांची नक्कल केलीत तर पहिल्याच सभेत ओळखतील.

एक नाजूक बाब. काही मुलांनी दादांना खासगी गोष्टी सांगितल्या असतील. ती माहिती यादीसारखी तुमच्याकडे येता कामा नये. दादांनी एकेकाला विचारावं, "हे ताईंना सांगू का?" नाही म्हणाला तर नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणावर अत्याचार होत असेल तर मात्र गुपित ठेवायचं नाही, आणि हे मुलांना आधीच माहीत असायला हवं.

आणि तो गिटारवाला. प्रेषितांची कृत्ये 6 काढा. हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी खुलासे देत न बसता लोकांनाच माणसं निवडायला सांगितलं. स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्या बाजूची तक्रार होती बहुधा तिच्याच हाती काम आलं. गाण्यांची जबाबदारी त्या मुलाला द्या. निवडही त्याचीच. तुम्हाला न आवडणारं गाणं आलं तरी म्हणा.

---

प्रेषक: एका शाळकरी मुलीची आई

काका, मुलांच्या हाती द्या हे ऐकायला छान वाटतं. शलमोनाचा मुलगा रहबाम राजा झाला, त्याने बरोबरीच्या तरुणांचं ऐकलं आणि इस्राएलाचे दहा वंश गमावले, त्याचं काय? आणि माझी तेरा वर्षांची मुलगी वीस-बावीस वर्षांच्या मुलांबरोबर एका गटात बसणार, याबद्दल कमिटीने आम्हाला साधं विचारलंही नाही.

---

प्रेषक: तरुण संघाचे जुने काका

दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा मोठा आहे, म्हणून आधी तो. तुमची काळजी शंभर टक्के रास्त आहे. एकत्र म्हणजे गाणी आणि प्रार्थना एकत्र. शास्त्राभ्यासाचे छोटे गट वयानुसार वेगळे, आणि प्रत्येक गटाशी दोन मोठी माणसं. अठरा पूर्ण झालेला मुलगा या बाबतीत मोठ्यांत धरायचा. त्याने शाळकरी मुलांना एकेकटं घरी सोडायला जायचं नाही आणि रात्री वेगळे मेसेज करायचे नाहीत. हे लिहून पालकांकडे गेल्याशिवाय गट एकत्र करूच नयेत.

रहबामाचं म्हणाल तर 1 राजे 12 पुन्हा वाचा. लोक जू हलकं करा म्हणत होते. वृद्धांचा सल्लाही तोच होता: आज या लोकांचा सेवक हो. रहबामाने दोन्हीकडे विचारलं आणि ज्यांचा सल्ला जास्त कडक त्यांचं ऐकलं. तरुणांचं ऐकलं की बिघडतं असा त्याचा अर्थ मला तरी लागत नाही.

मुलांवर काम सोपवणं ही आजची टूमही नव्हे. 1881 साली अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी ख्रिश्चन एन्डेव्हर ही चर्चमधल्या तरुणांची संस्था सुरू केली. प्रार्थनासभेची कमिटी, नव्यांकडे लक्ष ठेवणारी कमिटी, सगळीकडे तरुणच. ती कल्पना थोड्याच वर्षांत देशोदेशी गेली. फक्त एक पथ्य: जे कमिटीत आधीच ठरलंय त्यावर मुलांचं मत मागू नका. ठरलं असेल तर ठरलंय म्हणून सांगा. खोटा सल्ला घेतलेला मुलांना बरोबर कळतो, आणि पुढच्या खेपेला ती तोंड उघडत नाहीत.

---

प्रेषक: तरुण संघाची नवी लीडर

काका, ताई, आभार. पास्टरांशी बोलले. लीडर बदलणं टळणारं नाही, पण सभेची वेळ आणि गट या दोन्ही गोष्टी पुढच्या सत्रापर्यंत थांबवायला ते तयार आहेत. वेळेचा निर्णय मुलांवरच सोपवायचा आहे. रविवार की शुक्रवार, जे ठरेल ते कमिटी मान्य करेल, असं त्यांच्याकडून लेखी घेतलंय. नियमांचा मसुदा पालकांना पाठवते. ताई, तुम्ही तो आधी वाचून दुरुस्त कराल का?

गिटारवाल्याला विचारलं. म्हणाला, "कुठलंही गाणं चालेल?" हो म्हटलंय. निरोपाच्या सभेसाठी त्याने कोणतं निवडलंय ते मलाही सांगत नाहीये.

आता व्हॉट्सॲप ग्रुपचं तेवढं राहिलंय. ॲडमिन अजून दादाच आहेत, आणि ते सोडायला नाखूश दिसतात. काका, तुमचं त्यांच्याशी बोलणं असतं. तुम्हीच विषय काढाल का?