मदत हवी आहे: वेचणीला जाणाऱ्या मुलींचा थम दाराच्या मशीनवर लागत नाही

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात मारेगावकडे आमचं गाव. गावातल्या अभ्यासिकेचं मी बघतो. पोलीस भरती, तलाठी भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी येतात. आत कॉम्प्युटर आहेत, म्हणून उन्हाळ्यात दाराला थम मशीन आणि चुंबकाचं लॉक बसवलं.

दिवाळीनंतर वेचणी लागली आणि अडचण सुरू झाली. दिवसभर वावरात कापूस वेचणाऱ्या पोरींची बोटं बोंडाच्या सुक्या टोकांनी सोलून निघतात, वरून थंडीनं कातडी फुटलेली. मागच्या आठवड्यात एक मुलगी पहाटे पाचपासून तासभर बाहेर पायरीवर बसून होती, वही शालीत गुंडाळून. फोन नाही तिच्याकडे. कळल्यावर फार लागलं मला. तिच्या आईचा अंगठा रेशनच्या मशीनवरही उठत नाही. अभ्यासिका तर अशाच पोरींसाठी काढली होती.

बसवणारा म्हणाला, बोटाला खोबरेल लावा. लावलं, तर काच बरबटून बाकीच्यांचंही लागेना. चेहरा ओळखणारं मशीन घ्यायला वर्गणी पुरत नाही. शिवाय लाइन गेली की दार आपोआप उघडतं. काय करावं?

प्रतिसाद: भाऊ, नवीन मशीन आताच घेऊ नका. वेचताना अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटंच जास्त झिजतात. दोन्ही हातांची अनामिका आणि करंगळी नोंदवा, तीही आता, वेचणी चालू असतानाच. तेल नको, कोमट पाण्यानं हात धुऊन पुसायचे, काच मऊ कोरड्या फडक्यानं. बऱ्याच मशीनमध्ये कार्ड किंवा पासवर्डची सोय आधीच असते, मेनूत बघा. चुंबकाचं लॉक विजेवरच धरून ठेवतं. वीज गेली की सुटतं, आगीत कुणी आत अडकू नये म्हणून. 12 व्होल्टची बॅटरी जोडा, पण दार उघडायचं आतलं बटण कधीच काढू नका. आणि 18 वर्षांखालची मुलं असतील तर 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांची संमती सांगितली आहे. ती लेखी घ्या, सोडून गेलेल्यांचे ठसे पुसून टाका.

धागाकर्ता: मेनूत कार्डाची सोय निघाली! पहिलं कार्ड त्या पायरीवरच्या मुलीला दिलं. अनामिका रविवारी सगळ्यांच्या नोंदवतो. बॅटरी किती अ‍ॅम्पिअरची घ्यावी? आमच्याकडे लाइन कधी कधी चार तास नसते.