मदत हवी आहे: फ्लाइंग व्ही, ५८ ची घडण की ६७ ची?

नमस्कार मंडळी, गिब्सन कंपनीच्या फ्लाइंग व्हीच्या, म्हणजे इंग्रजी V सारख्या, घाटाची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे आणि दोन घडणींमध्ये अडकलोय. १९५८ चं मूळ मॉडेल कोरिना लाकडाचं. तारा मागून बॉडीतून आरपार येतात, आवाज-टोनचे तिन्ही नॉब एका रेषेत, आणि खालच्या कडेला रबराची पट्टी, बसून वाजवताना मांडीवरून घसरू नये म्हणून. किती विचार केलाय बघा! तरी ती खपली नाही, १९५९ मध्येच बंद पडली. अमेरिकी गिटारवादक अल्बर्ट किंगचा ब्लूज याच गिटारीवरचा, मला तो आवाज जीव की प्राण.

१९६७ ला ती परत आली ती महोगनीची, मोठ्या पिकगार्डची (बॉडीवर ओरखडे पडू नयेत म्हणूनची पट्टी), नॉब त्रिकोणात. दिसायला मला हीच जास्त आवडते.

मी बसूनच वाजवतो. ६७ च्या घडणीला कुणी नंतर रबर पट्टी लावून घेतली आहे का? टिकते का? दोन्ही वाजवलेल्यांनी कृपया सांगा, तारा आरपार असल्याने सस्टेनमध्ये, म्हणजे सूर किती वेळ टिकतो त्यात, कानाला फरक कळतो का? आणि जॅक्सन कंपनीचं ऱ्होड्स मॉडेल, V चा एक पंख आखूड असलेलं, मांडीवर नीट बसतं का?