‘एकटं वाटतं’ म्हणायची लाज का वाटते?

गच्चीवरून: एकाने लिहिलंय, "एकटेपणा हे रिकामटेकड्यांचं दुखणं. माणसांत जा, बरं वाटेल." वाचून संताप झाला. असल्या शेऱ्यांच्या भीतीनेच माणूस गप्प बसतो. "पोरं विचारत नाहीत वाटतं" असं शेजारच्यांनी म्हणू नये म्हणून आईवडील "मजेत आहोत" सांगत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालात सहा माणसांत एक एकाकी आहे, आणि त्यात तरुण पोरं भरपूर. ती सगळी रिकामटेकडी? कुणाला एकटं वाटतं का हे विचारताना ‘एकाकी’ शब्दच काढून टाका. एकाकीपणा मोजायचे यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाचे तीन प्रश्न बघा: सोबतीची उणीव भासते का, वगळल्यासारखं वाटतं का, इतरांपासून तुटल्यासारखं वाटतं का. ‘क्वचित’ला १, ‘कधीकधी’ला २, ‘बरेचदा’ला ३ गुण. बेरीज ६ किंवा जास्त आली की लक्ष द्यायचं.

ओसरी: शब्द लपवला की लाज वाढते. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय या तिन्हींच्या जोडीला चौथा प्रश्न थेट विचारायला सांगतं: तुम्हाला किती वेळा एकटं वाटतं? तीन प्रश्नांत ८ गुण आणि चौथ्याला "कधीच नाही", तर लाज तिथेच पकडता येते. तुमच्या पद्धतीत ती दिसणारच नाही.

कानसेन: तुम्ही प्रश्नावलीवर भांडताय, आणि माणसं ऐकू येत नाही म्हणून कट्ट्यावरून उठून जाताहेत. चौघं एकदम बोलले की शब्द कळत नाहीत. तीनदा "काय?" विचारायची लाज, मग नुसती मान डोलवायची, मग जाणंच बंद. लोक म्हणतात, माणूसघाणा झाला! आधी कान तपासा.

ओसरी: झालं, आता कानाचं मशीन! ती कपाटात पडून असतात.

कानसेन: पडून असतात, कारण घरात कुणी शिकून घेत नाही. मशीनमध्ये हवेवर चालणारा छोटा झिंक-एअर सेल असतो; त्याचा स्टिकर काढल्यावर दोनेक मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. स्टिकर निघाला की सेल न वापरताही उतरतो, म्हणून आधीच सोलून ठेवू नका. सेलचं माप स्टिकरच्या रंगावरून ओळखा: तपकिरी ३१२ नंबरचा, केशरी १३चा. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. आवाज बसला तर आधी मळ अडकलाय का बघा. शिट्टी वाजली तर कानात नीट बसलेलं नाही. आणि पहिल्याच दिवशी लग्नाला घालून नेऊ नका! घरात एकाच माणसाशी बोलताना तासभर घाला, मग वेळ वाढवा. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो आणि लोक तिथेच सोडून देतात.

गच्चीवरून: विषय लाजेचा होता, सेलचा नाही.

कानसेन: चष्म्याची लाज वाटत नाही, मशीनची वाटते. मी लाजेबद्दलच बोलतोय.

ओसरी: बरं, मानलं. पण वीस वर्षांच्या पोराचे कान ठणठणीत आहेत. मेसमध्ये एकटा दिसू नये म्हणून तो बंद फोन कानाला लावून जेवतो. त्याला काय सांगाल?

गच्चीवरून: "मित्र नाहीत का?" तर मुळीच विचारू नका. "शनिवारी पाचला सामान हलवायला येशील?" विचारा. काम, वार, वेळ ठरलेली हवी. "कधीतरी ये" म्हटलं की कुणी येत नाही. झोप-जेवण सुटलं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

ओसरी: नंबर दिलात ते चांगलं केलंत. शब्दाबाबत मात्र मी हटणार नाही.