बीएमआयचं नक्की काय? मदत हवी आहे, अर्जंट

जळगावकर७: कंपनीच्या मेडिकलमध्ये वजन ६६, शेरा 'ओव्हरवेट'. मोबाइलमधलं ॲप म्हणतं नॉर्मल. खरं कोण? उद्या एचआरला उत्तर द्यायचंय.

तापीकाठ: उंची?

केळीवाला: रात्रीची शेवभाजी बंद करा. मी तीन महिन्यांत सात किलो उतरवले.

तापीकाठ: विचारलंय काय, सांगताय काय! उंची सांगा हो.

जळगावकर७: साडेपाच फूट. वय ३८, पुरुष.

भुसावळची_लेक: साडेपाच म्हणजे ५ फूट ६ इंच. की ५ फूट ५ इंचाला साडेपाच म्हणताय?

जळगावकर७: ५ फूट ५ इंच. तेच ना?

भुसावळची_लेक: तेच नाही. तुमची उंची १.६५ मीटर, तिचा वर्ग २.७२. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले उंचीचा वर्ग: ६६ भागिले २.७२, आले २४.२. जागतिक पट्टीत २५ च्या आत नॉर्मल. आपल्याकडचे डॉक्टर २३ पासूनच जास्त धरतात, २५ पासून लठ्ठ. ॲपही बरोबर, रिपोर्टही बरोबर.

खान्देशी_आजा: काय कसानं बीएमआय! कळणानी भाकर नि भरीत खा, वावरमा राबा.

केळीवाला: आजा, भरीतात तेल किती असतं ते पण सांगा.

गिरणामाई: माझ्या ९ वर्षांच्या मुलाचा १४ येतो. काय खायला घालू?

भुसावळची_लेक: ताई, १८ च्या आतल्यांना ही पट्टी नाही. वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्ते असतात. बालरोगतज्ज्ञांना विचारा.

जिमवाला_धुळे: बीएमआय म्हणजे थोतांड. स्नायू आणि चरबी एकाच काट्यावर!

तापीकाठ: थोतांड नाही, अपुरा आहे. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे युडकिन, दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने दोघांचा फोटोच छापला होता. आपल्याकडे २३ वर बोट ठेवतात ते यासाठीच. जळगावकर, कंबर मोजा. पुरुषांना ९० सेंमीच्या आत हवी.

जळगावकर७: बायकोच्या शिलाईच्या टेपने मोजली. पोट आत ओढून ३५ इंच, सोडून ३७.

भुसावळची_लेक: श्वास सोडून, पोट सैल ठेवून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायची. ३७ म्हणजे ९४ सेंमी.

जळगावकर७: मग एचआरला ३५ कळवू का?

केळीवाला: शेवभाजी बंद करा म्हटलं होतं.