अक्कलदाढ काढलीये, सिगरेट कधीपासून चालेल?

हिंजवडीचा_हमाल
परवा मंगळवारी खालची डावी अक्कलदाढ काढली, हाडात आडवी रुतून बसलेली म्हणून हिरडी कापून तुकडे करून काढावी लागली, पाऊण तास आ वासून पडलेलो, ३ टाके आहेत. आज गुरुवार, गाल अजून बटाटेवड्याएवढा. थुंकायचं नाही, स्ट्रॉ नको, गरम नको, सिगरेट तर नाहीच असं सांगितलंय. बाकी सगळं पाळतोय पण मी दिवसाला ८-१० ओढणारा माणूस, ऑफिसची सगळी गँग खाली टपरीवर आणि मी वर एकटा गार ताक पित बसलोय. टाक्यांवर कापूस ठेवून हळूच ओढली तर चालते का? लेक्चर नको प्लीज, ते घरी आई देतेय.

कात्रजचा_बोगदा
मी दुसऱ्याच दिवशी ओढली होती कापूस लावून, काहीही झालं नाही. उगाच घाबरवतात.

पेठेतली_मी
बोगद्या, तुझं नशीब थोर. मी पण असाच शहाणपणा केला, तिसऱ्या दिवशी दोन झुरके, फक्त दोन. रात्री जो ठणका सुरू झाला तो कानापर्यंत, गोळीने हलायला तयार नाही. पहाटे मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघितलं तर खड्डा रिकामा, आत पांढरट हाड दिसतंय आणि तोंडाला असा वास की स्वतःचीच शिसारी यावी. ड्राय सॉकेट, म्हणजे खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं. डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंगेच्या तेलाचा वास येणारी औषधाची पट्टी आत भरली, दहा मिनिटांत जीवात जीव आला. पण ती पट्टी बदलायला एक दिवसाआड तीन चकरा, त्यात लक्ष्मी रोडला पार्किंग, म्हणजे दुखणं परवडलं.

दातओठ_खाऊन
मी डेंटिस्टच आहे, लेक्चर थोडक्यात देतो. दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती म्हणजे खालच्या हाडावरचं आणि नसांवरचं झाकण. झुरका मारताना तोंडात जी ओढ तयार होते तिने ती निसटू शकते, शिवाय निकोटीनने रक्तवाहिन्या आक्रसतात म्हणजे जखमेला रक्त कमी मिळतं. आता कापसाने यातलं काय थांबणार सांग? उलट तो गुठळीला चिकटला तर काढताना तीच उपटून यायची. व्हेपचंही तेच. ७२ तास म्हणजे अगदी कमीत कमी, आठ-दहा दिवस थांबलास तर बरं. साधं दुखणं रोज थोडं उतरतं, दोन-तीन दिवसांनी उलट वाढायला लागलं तर ज्यांनी दाढ काढली त्यांना लगेच फोन कर. खालचा ओठ अजून बधीर असेल तर तेही सांग, खालच्या जबड्यातली नस या दाढेला खेटूनच जाते. ताप आला, गिळता येईना किंवा सूज गळ्याकडे उतरली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, सरळ हॉस्पिटल.

पेठेतली_मी
डॉक्टर, थोडं अवांतर, आमची आजी रोज सकाळी मिशरी लावते आणि वर म्हणते मी काय बिड्या ओढते का. हिरडीशी गालाला आतून पांढरा चट्टा आलाय, दुखत नाही म्हणून दाखवायला तयार नाही.

दातओठ_खाऊन
मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, धूर नाही एवढाच फरक. आणि न दुखणारा चट्टाच आधी दाखवायचा असतो. दरवेळी कॅन्सर निघतो असं नाही पण बघितल्याशिवाय कळणार कसं, याच आठवड्यात आणा. सुपारी, मावा खाणाऱ्यांनी स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा, जात नसतील तर तपासून घ्या. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी माझ्याकडे दोनच बोटं जाणारी पंचविशीतली पोरं येतात. हमालसाहेब, सोडायचीच असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन आहे, फुकट आहे.

हिंजवडीचा_हमाल
टॉर्च लावून बघितलं, गुठळी जागेवर आहे, जांभळासारखी. ओठ पण शाबूत. मंगळवारी टाके काढायचेत, तोपर्यंत तरी नाही ओढत, पुढचं पुढे, नंबर सेव्ह केलाय. पाकीट आईने मागितलं, दिलं. बदल्यात गुरगुट्या भात मिळालाय, तोही गार करून.